झटपट पेटणारा कोळसा, सावकाश पेटणारा कोळसा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी कोळशाविषयीची पत्रे मी बाजूला काढून ठेवली होती. कोणी हुक्क्याबद्दल विचारले आहे, कोणी धुपाबद्दल, कोणी सोसायटीच्या गच्चीबद्दल. पण सगळ्या पत्रांत वस्तू एकच आहे, काडी लावताच तडतडत पेटणारी ती काळी गोल चकती. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर मी तिच्यासाठी देत आहे.

प्रश्न : माझा सत्तावीस वर्षांचा मुलगा नोकरी करतो. शनिवारी रात्री त्याचे दोन-तीन मित्र घरी येतात आणि गॅलरीत बसून हुक्का ओढतात. पूर्वी तो काडीने पेटणाऱ्या गोल चकत्या आणत असे. आता नारळाच्या करवंटीच्या कोळशाचे चौकोनी तुकडे आणतो आणि "बाबा, हा नैसर्गिक कोळसा आहे, यात केमिकल नाही, याचा त्रास होत नाही," असे मला समजावतो. या दोन कोळशांत खरोखर फरक आहे, की ही नुसती दुकानदारांची भाषा आहे? आणि फरक असेल, तर मी निर्धास्त व्हावे का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की फरक आहे आणि तो बराच आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र "नाही" असेच द्यावे लागेल. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी कशी, हे समजण्यासाठी आधी ती चकती बनते कशी ते पाहू.

साधा कोळसा आगकाडीने पेटत नाही, हे चुलीवर किंवा शेगडीवर स्वयंपाक केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. लाकडाचा किंवा करवंटीचा कोळसा करतानाच त्यातले ज्वाला धरणारे वायू निघून गेलेले असतात. उरतो तो बहुतांशी कार्बन, आणि त्याला लाल व्हायला बराच वेळ सतत उष्णता लागते. ही वाट पाहणे टाळण्यासाठी चकती बनवणारे कोळशाच्या बारीक भुकटीत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट मिसळतात, डिंक किंवा स्टार्च घालून ते मिश्रण साच्यात दाबतात आणि वाळवतात. सोरा तापला की स्वतःमधला ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे कोळशाला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. शोभेच्या दारूत सोरा असतो तो याच कामासाठी. चकतीच्या कडेला काडी लावली की ठिणग्यांची रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत जाते, ती या ऑक्सिजनच्या बळावर.

आपले पत्र आल्यावर मी दोन्ही प्रकारचा कोळसा आणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी पेटवून पाहिला. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे जे सांगायचे ते आधी डोळ्यांनी पाहण्याची सवय सुटलेली नाही. ३३ मिलिमीटर व्यासाची चकती वजनकाट्यावर आठ ग्रॅमच्या आसपास भरली. सांडशीत धरून कडेला काडी लावली, तर अर्ध्या मिनिटाच्या आत ठिणग्या पलीकडच्या कडेला पोहोचल्या. त्या वेळी करडा दाट धूर निघाला आणि दिवाळीच्या रात्री फटाके संपल्यावर गल्लीत राहतो तसा उग्र वास स्वयंपाकघरात पसरला. तीन-चार मिनिटांनी चकतीवर राखाडी थर आला, धूर दिसेनासा झाला, आणि पाऊण तासाच्या आत तिची सैल, ठिसूळ राख झाली. करवंटीच्या कोळशाचा २५ मिलिमीटरचा तुकडा मात्र काडीला दाद देईना. गॅसवर जाळी ठेवून त्यावर तो ठेवला, मधून मधून कूस पालटली, तेव्हा दहा मिनिटांनी सहाही बाजू लाल झाल्या. वास जवळजवळ आला नाही, आणि तो तुकडा तासाहून अधिक काळ टिकला. या मापाचे साधारण ७२ तुकडे एका किलोत बसतात, म्हणजे एकेक तुकडा चौदा ग्रॅमचा. वजन जास्त असल्यामुळे तो अधिक टिकतो, हेही तुलना करताना लक्षात घ्यायला हवे.

डोळ्यांना आणि नाकाला कळणारा फरक इथे संपतो. खरा फरक ज्या वायूत आहे, त्याला रंगही नाही आणि वासही नाही. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय पूर्ण जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइडसुद्धा लालबुंद कोळशाच्या थरातून जाताना पुन्हा कार्बन मोनॉक्साइड बनू शकतो. हुक्क्याच्या चिलमीवर, म्हणजे तंबाखू भरायच्या वरच्या वाटीवर, ठेवलेला निखारा नेमका अशाच स्थितीत असतो, कारण दम ओढला की हवा त्या तापलेल्या कोळशावरून आणि त्याच्या फटींतूनच खाली खेचली जाते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. कार्बन मोनॉक्साइडची तीव्र बाधा झालेला एक हुक्का ओढणारा रुग्ण उपचारासाठी आला, आणि त्याने त्या वेळी कोळशाचा प्रकार बदलून झटपट पेटणारा कोळसा वापरला होता असे त्याच्या बोलण्यातून निघाले. त्यावरून डॉक्टरांनी दोन्ही प्रकारच्या कोळशाचा नऊ-दहा ग्रॅमचा एकेक तुकडा हुक्क्यावर ठेवून दर तीन मिनिटांनी, नव्वद मिनिटांपर्यंत मोजमाप केले. नैसर्गिक कोळशातून सरासरी १,७३० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १,७३० भाग कार्बन मोनॉक्साइड निघाला. झटपट पेटणाऱ्या कोळशातून ३,७२८ पीपीएम. वजन सारखे असूनही दुपटीहून अधिक. तापमान मात्र उलट निघाले : नैसर्गिक कोळसा सरासरी २९२ अंश सेल्सिअस, तर झटपट पेटणारा २४७ अंश. मला या दुसऱ्या जोडीतले आकडे पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटतात. चकती कमी तापते, धूर हवा तसा येत नाही, म्हणून ओढणारा माणूस तिच्यावर दुसरी चकती ठेवतो, आणि जो कोळसा मुळातच जास्त वायू सोडतो त्याचे प्रमाण आणखी वाढते.

आपला मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे ते एवढे. चकती सोडून करवंटीचा कोळसा घेतला, हे त्याने चांगलेच केले.

परंतु "याचा त्रास होत नाही" हे त्याचे वाक्य मला मान्य नाही. १,७३० हा आकडा कमी वाटतो तो केवळ ३,७२८ च्या शेजारी ठेवल्यामुळे. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीत हवेतील कार्बन मोनॉक्साइडची कायदेशीर मर्यादा ५० पीपीएम आहे. वरचे आकडे हुक्क्यातून ओढल्या जाणाऱ्या धुरातले आहेत, खोलीतल्या हवेतले नाहीत, त्यामुळे ही तुलना शब्दशः घेऊ नये. पण तो धूर जातो थेट फुप्फुसात, आणि तोही तासभर. एक सिगारेट साधारण वीस झुरक्यांत संपते, तर हुक्क्याच्या तासाभराच्या बैठकीत दोनशेच्या आसपास झुरके होतात, आणि प्रत्येक झुरका सिगारेटच्या झुरक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच एका बैठकीत आत जाणारा धूर शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींच्या धुराइतका असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच दिला होता.

आता राहिला पाण्याचा मुद्दा, कारण ही मुले तो हमखास पुढे करतात. पाण्यातून आलेला धूर गार लागतो, घशाला मऊ लागतो, म्हणून तो गाळला गेला असे वाटते. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बुडबुड्यात बसून तो जसाच्या तसा वर येतो. "हर्बल" मिश्रणाचेही तेच. त्यात तंबाखू नसेल, निकोटिनही नसेल, पण चिलमीवर निखारा तोच आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये कोळशाऐवजी विजेच्या तापकाने चिलीम तापवून पाहिली, तेव्हा हुक्क्याच्या धुरातील सुमारे नव्वद टक्के कार्बन मोनॉक्साइड कोळशामुळेच येतो असे त्यांना आढळले.

त्याला हुक्का सोडायला सांगावे, हा माझा सल्ला आहे आणि तो मी आडपडदा न ठेवता देते. तो ऐकेपर्यंत तरी काही गोष्टी आपण घरातले म्हणून ठामपणे ठरवू शकता. चकती घरात येणार नाही. करवंटीचा कोळसा सगळ्या बाजूंनी लाल झाल्याशिवाय चिलमीवर जाणार नाही. गॅसवर तो पेटत असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट पंखा चालू राहील, कारण ती दहा मिनिटेही वायू सुटतच असतो. आणि गॅलरी खरोखर गॅलरी असेल. आपल्या मुंबईतल्या बहुतेक गॅलऱ्या सरकत्या काचा लावून बंद केलेल्या असतात; पावसाचे पाणी येऊ नये म्हणून त्या काचा ओढल्या की ती बंद खोलीच झाली, आणि तिचे दार बहुधा झोपण्याच्या खोलीत उघडते.

प्रश्न : पाकिटावर "१०० टक्के नैसर्गिक" असे छापलेले असते. ते खरे आहे की नाही, हे घरच्या घरी कसे ओळखावे? (एक वाचक, दादर)

उत्तर : आगकाडी हीच परीक्षा. एका काडीने, किंवा लायटरच्या काही सेकंदांच्या ज्योतीने जो कोळसा पेटतो आणि ज्यातून ठिणग्या चालत जातात, त्यात पेटवण्यासाठी काहीतरी घातलेले आहे. पाकिटावर काहीही छापलेले असो. नुसत्या करवंटीचा दाबलेला कोळसा तसा पेटत नाही. "नैसर्गिक" या शब्दाने फसू नये असे मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. चकतीतला कोळसाही लाकडाचाच असतो, डिंकही झाडाचाच असतो, त्यामुळे विकणारा तो शब्द अगदीच खोटा वापरतो असे म्हणता येत नाही. खरेदी करताना "काडीने पेटतो का?" एवढेच विचारावे. हा गुण म्हणून अभिमानाने सांगितला गेला, की आपले उत्तर मिळाले.

महाविद्यालयात असताना मी मुलांना याचा एक प्रयोग दाखवत असे. चकतीचा चुरा थोड्या गरम पाण्यात ढवळायचा, ते पाणी गाळून त्यात टीपकागदाची पट्टी बुडवायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मग तिच्या एका टोकाला उदबत्तीचे पेटते टोक टेकवायचे. साध्या टीपकागदाला फक्त भोक पडते. या पट्टीवर मात्र ज्योत न होता एक लाल किनार सावकाश सरकत शेवटपर्यंत जाते, कारण कोळशातला सोरा पाण्यात उतरून कागदात मुरलेला असतो. करवंटीच्या कोळशाचे पाणी घेऊन असे काही होत नाही. ती किनार पाहताना वर्ग एकदम शांत होत असे.

राखेवरूनही अंदाज बांधता येतो. करवंटीच्या चांगल्या कोळशाची राख थोडी, फिकट आणि बारीक असते. राख खूप पडत असेल, जड असेल किंवा तिचे पापुद्रे सुटत असतील, तर कोळसा चांगला भाजलेला नाही किंवा त्यात माती-भेसळ आहे, असे समजावे.

प्रश्न : मित्राच्या खोलीत एसी लावून आम्ही चौघांनी हुक्का घेतला. तासाभराने माझे डोके भयंकर दुखू लागले, मळमळ झाली आणि उभे राहताना तोल गेला. घरी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर होता, त्यात ९८ दिसले, म्हणून मी झोपून गेलो. सकाळी बरे वाटले. हे ॲसिडिटीमुळे झाले असेल का? कोळसा गोल चकत्यांचा होता. (एक विद्यार्थी, अंधेरी)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेची नेहमीची लक्षणे आहेत, आणि ९८ आकडा पाहून आपण झोपलात, हे वाचून मला फार काळजी वाटली.

रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितके धरते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे ते कार्बन मोनॉक्साइडला धरते. एकदा तो वायू तिथे बसला की ऑक्सिजनला जागा उरत नाही. घरातला साधा ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून रक्ताचा रंग पाहतो, आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लाल असल्यामुळे त्या यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असताना ते यंत्र ९८ दाखवू शकते. कोविडच्या काळात आपण सगळे त्या आकड्यावर विसंबायला शिकलो. या एका बाबतीत तो आकडा पूर्णपणे बाजूला ठेवायला हवा.

बंद खोली, चालू एसी, चार माणसे आणि त्यात चकत्यांचा कोळसा, असे सगळे त्या रात्री एकत्र आले होते. खिडकीचा किंवा स्प्लिट एसी नेहमीच्या वापरात खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा भरत नाही, त्यामुळे गारवा असूनही वायू साठत जातो. असे पुन्हा कोणाला झाले, तर सगळ्यांनी ताबडतोब खोलीबाहेर मोकळ्या हवेत यावे, कोळसा बाहेर काढण्यात वेळ घालवू नये, आणि डोकेदुखी, भोवळ किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. तिथे डॉक्टरांना "बंद खोलीत कोळसा पेटलेला होता" हे वाक्य आवर्जून सांगावे, म्हणजे ते रक्तातील कार्बन मोनॉक्साइड तपासतील. साध्या हवेत तो वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात; मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन दिला तर हाच वेळ तासा-दीड तासावर येतो. आपण सकाळी उठलात, यात आपल्या तरुण वयाचा वाटा आहे. खोलीत हृदयविकार असलेले कोणी किंवा गर्भवती स्त्री असती, तर धोका कितीतरी मोठा झाला असता.

प्रश्न : आमच्या चाळीतल्या खोलीत दीड दिवसाचा गणपती असतो. पूर्वी सासूबाई शेगडीतला निखारा धुपाटण्यात घालत. आता शेगडी नाही, म्हणून मी भुलेश्वरहून चकत्या आणते. आरतीच्या वेळी धूप घातला की सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. शिवाय माझी मुलगी बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात येणार आहे आणि बाळाला धुरी देण्यासाठी याच चकत्या वापराव्यात का, हेही विचारायचे आहे. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत ही चकती पेटवू नका, आणि शेगडीही ठेवू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भरभर चालतो, त्यामुळे विषारी वायू त्याच्या रक्तात लवकर चढतो. ते रडून डोकेदुखी सांगू शकत नाही, उलट गुंगीत शांत पडून राहते आणि आपल्याला वाटते की अंघोळीनंतर छान झोप लागली. ओवा, वेखंड, बाळंतशेपा, लसणीच्या साली घालून धुरी देण्यामागची माया मी समजू शकते, माझ्याही आईने ती दिलेली आहे. पण त्या घरांना कौले होती, झरोके होते, आणि दार सहसा लावलेले नसे. दारे-खिडक्या लावून घेतलेली आपली दहा बाय बाराची खोली तशी नाही. बाळाला ऊब हवी तर कोरड्या मऊ कपड्यात गुंडाळावे आणि आईच्या अंगाशी धरावे. धुराने फुप्फुसाला काहीच लाभ होत नाही, त्रास मात्र होतो.

आता आरतीच्या धुपाविषयी. डोळे चुरचुरतात ते बहुतेक चकती पेटतानाच्या पहिल्या धुराने, कारण आरती सुरू होता होता घाईने चकती पेटवली जाते आणि ठिणग्या धावत असतानाच तिच्यावर ऊद टाकला जातो. आरतीच्या आधी दहा मिनिटे चकती बाहेर कठड्यापाशी धुपाटण्यात पेटवावी, ठिणग्या थांबून ती सगळीकडून राखाडी झाली, वास गेला, की मगच आत आणावी. धुपाटण्याच्या तळाशी बोटभर जाडीचा राखेचा किंवा कोरड्या वाळूचा थर असावा, नाहीतर पितळ तापून खालचा पाट करपतो. अर्धी चकती पुरते. ती आधीच मोडून घ्यावी. निखाऱ्यावर चिमूटभर राख भुरभुरून त्यावर ऊद ठेवला, तर तो भसकन जळून काळा धूर करत नाही, सावकाश वितळतो आणि सुवास देतो. भेंडीबाजारातले लोबान विकणारे जुने दुकानदारही निखारा असाच राखेने झाकायला सांगतात. आरतीला खोलीत वीस-पंचवीस माणसे असतात, तेव्हा दार आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवावीत, आणि आरती झाली की धुपाटणे पुन्हा बाहेर न्यावे. रात्री गणपतीपुढे निखारा तसाच ठेवून झोपू नये. समईचे तेल पुरवणे वेगळे आणि निखारा राखणे वेगळे. गोवरीचा तुकडा वापरला तर सोऱ्याचा वास टळेल, पण धूर जास्त होईल आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही निघेलच.

प्रश्न : पावसाळ्यात चकत्या अर्ध्याच पेटतात आणि विझतात. त्या ओव्हनमध्ये किंवा गॅसजवळ वाळवल्या तर चालेल का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : मुळीच नाही. त्यात स्वतःचा ऑक्सिजन घेऊन बसलेला सोरा आहे, आणि ओव्हनमध्ये अशी चकती पेटली तर झाकण बंद असले तरी ती विझणार नाही. कोळसा दमट हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून पाकीट फोडल्यावर उरलेल्या चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येणाऱ्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या घालून ठेवाव्यात. ओल धरलेल्या चकत्या उन्हात वाळवाव्यात. ऊन नसेल तर त्या टाकून देणे बरे, कारण अर्धवट पेटलेली चकती धुमसते, आणि धुमसणारा कोळसा सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतो.

प्रश्न : दुबईहून येणारा भाचा चांगला हुक्क्याचा कोळसा सामानातून आणू म्हणतो. आणू द्यावा का? (एक वाचक, माहीम)

उत्तर : आणू देऊ नये. विमानवाहतुकीच्या नियमांत कोळसा आपोआप तापू शकणाऱ्या धोकादायक पदार्थांत मोडतो आणि प्रवाशांच्या सामानात त्याला परवानगी नाही. हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ३१ डिसेंबरला काही तरुण सभासद गच्चीवर हुक्का नेतात आणि दुसऱ्या दिवशी टाकीजवळ कोळसे पडलेले सापडतात. त्यांना अडवण्याचा अधिकार आम्हाला आहे का? आणि निखारे विझवण्याची योग्य पद्धत कोणती? (सचिव, एक गृहनिर्माण सोसायटी, चेंबूर)

उत्तर : कमला मिल्सची आग आपणा सर्वांना आठवत असेल. २८ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळला गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना लागलेल्या त्या आगीत १४ माणसे गेली, आणि अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्यासाठी पेटवलेल्या कोळशाच्या उडालेल्या ठिणग्या हे आगीचे संभाव्य कारण म्हणून नोंदवले गेले. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर चालवण्यावर बंदी घातली. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. खानावळीच्या परवान्यात हुक्का पुरवण्याची परवानगी आपोआप येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चेंबूरमधल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले.

या कायद्याचा रोख पार्लर उघडणाऱ्यावर आणि चालवणाऱ्यावर आहे, चार मित्रांनी आपला हुक्का ओढण्यावर नाही. परंतु गच्ची ही सर्व सभासदांची सामायिक जागा आहे, आणि तिथे उघडा विस्तव नेऊ नये असा ठराव सर्वसाधारण सभेत करून तो सूचनाफलकावर लावणे आपल्या हातात आहे. डिसेंबर उजाडण्याची वाट न पाहता तो आताच करावा. गच्चीवर वारा असतो, पावसाळी छतासाठी बांधलेली निळी ताडपत्री बहुतेक सोसायट्यांत वर्षभर तशीच राहते, केबलच्या तारा लोंबत असतात. वाऱ्याने उडालेल्या एका ठिणगीला एवढे पुरते.

विझवण्याबाबत तरुणांची नेहमी फसगत होते ती राखेमुळे. वरून पांढरा झालेला कोळसा विझला असे त्यांना वाटते, पण राखेचे पांघरूण असलेला निखारा आतून तासन्‌तास लाल राहू शकतो, म्हणून तो कचऱ्याच्या पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात कधीही टाकू नये. अर्धी पाण्याने भरलेली लोखंडी किंवा स्टीलची बादली आधीपासून जवळ ठेवावी आणि प्रत्येक कोळसा चिमट्याने एकेक करून, तोंड लांब ठेवून तीत सोडावा. सगळे एकदम ओतले तर गरम वाफेने हात भाजतो. चुरचुर थांबल्यावर बादली रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी पाणी काढून कोळसा हाताने दाबून पाहावा, आणि तो आतपर्यंत गार आणि भिजलेला लागला, तरच झाडूवाल्याच्या हवाली करावा.